मासळीच्या पिकअपवरचे जादा दिवे आणि खांबातला गंज : एक प्रकरण अभ्यास

वाहनावर जादा दिवा बसवण्यासाठी पत्रा कापला की गंज कापलेल्या कडेपासून सुरू होतो, हे बहुतेक मेकॅनिकांना ठाऊक असते; मात्र ती कड राखायची म्हणजे नेमके काय करायचे आणि कामाच्या कोणत्या टप्प्यावर करायचे, याबद्दल गोंधळ दिसतो. पुढील प्रकरणात एकच काम दोनदा झाले, पहिल्यांदा घाईत आणि दुसऱ्यांदा विचारपूर्वक, त्यामुळे दोन्हींतला फरक एकाच गाडीवर पाहता आला.

वाहन आहे मासळी वाहणारे एक छोटे पिकअप. पणजीसमोर, मांडवीच्या पलीकडच्या तीरावरील मालीम जेटीवरून ते पहाटे मासळी उचलते आणि म्हापसा, डिचोली व साखळीच्या बाजारांत पोचवते. मालक डिचोली तालुक्यातला असून गाडी तोच चालवतो. क्रेट चढवण्या-उतरवण्याचे काम अंधारात होत असल्याने त्याला हौद्याच्या मागच्या दोन्ही खांबांत पत्र्याच्या पातळीत बसणारे वर्क लाइट हवे होते, आणि त्याबरोबर केबिनच्या छतावर एक एलईडी बारही. मासेमारी बंदी उठण्याच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे जुलैच्या अखेरीस भर पावसात, एका ॲक्सेसरीच्या दुकानाने हे सगळे एका दुपारीत बसवून दिले. पहिला पावसाळा संपला तेव्हा उजव्या दिव्याखाली तपकिरी ओघळ दिसू लागला. मालकाने त्यावर रंग मारून घेतला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओघळ दोन्ही बाजूंना आले, केबिनच्या छताच्या आतल्या अस्तरावर डाग पडले, आणि गाडी म्हापशाजवळच्या एका डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या मेस्ताकडे (कारागिराकडे) आली.

मेस्ताने बाहेरचा पत्रा ठोकून पाहण्याऐवजी आधी दिवे उतरवले. उजव्या खांबातला दिवा सुटताच त्यामागचा पत्रा कडेने पापुद्र्यांसारखा सुटत गेला. चौकोनी भोक ग्राइंडरच्या चकतीने कापलेले होते, आणि गोल चकतीने चौकोन कापताना जे हमखास होते तेच येथेही झाले होते : चारही कोपऱ्यांत चीर खुणेच्या पुढे गेलेली. या फटी दिव्याच्या काठाखाली झाकल्या गेल्यामुळे कोणाला दिसल्या नव्हत्या, आणि गंजाने सर्वांत खोल मूळ धरले ते याच फटींत. भोकाभोवतीच्या रंगावर तपकिरी ठिपक्यांची नक्षी उठली होती. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेल्या लोखंडाचे कणच असतात. ते रंगाच्या वरच्या थरात रुततात आणि पहिल्याच दमट रात्रीनंतर गंजू लागतात. अशा डागांसाठी पत्र्याला दोष दिला जातो, पण त्यांच्याखालचा पत्रा बहुधा शाबूत असतो.

खरी परिस्थिती कळली ती खांबाच्या तळाशी. हा खांब दोन वाकवलेल्या पत्र्यांना स्पॉट वेल्डिंगने जोडून केलेला पोकळ डबा असतो आणि त्याच्या बुडाशी पाणी निघून जाण्यासाठी एक लहान भोक ठेवलेले असते. मेस्ताने त्यात तार घातली तेव्हा पाणी आले नाही. तार फिरवल्यावर काळपट तपकिरी गाळ बाहेर पडला. पत्रा कापताना आत पडलेला लोखंडाचा चुरा, बर्फ वितळून आलेले खारट पाणी आणि माशांची खवले यांचा तो गोळा होता. त्याने निचऱ्याचे भोक बुजले आणि खांबाच्या बुडात महिनोन्महिने खारे पाणी साचून राहिले. दिव्याच्या भोकापासून हातभर खाली, जेथे कोणी काहीच कापले नव्हते, तेथे पत्रा आतून इतका पातळ झाला होता की स्क्रूड्रायव्हर आरपार गेला.

छतावर चित्र थोडे वेगळे होते. बारचे ब्रॅकेट ॲल्युमिनियमचे, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणि पत्रा साध्या पोलादाचा, अशा तीन धातूंची तेथे गाठ पडली होती. खाऱ्या पाण्याने त्यांना जोडले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यांतला अधिक सक्रिय धातू झिजतो. येथे तो ॲल्युमिनियम होता, म्हणून स्क्रूंच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी साठली होती. स्क्रू स्वतःच आटे पाडत जाणारे असल्याने प्रत्येक आट्याने भोकातला उरलासुरला रंगही खरवडला होता. भोके बुजवायला वापरलेले सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या जातीचे होते, हे मालकाला आठवत होते. ते घट्ट होताना ॲसेटिक ॲसिड सोडते आणि उघड्या लोखंडावर ते आम्ल गंजाला निमंत्रणच देते. पाणी अडवायला लावलेल्या पदार्थानेच त्याच्याखाली गंज सुरू करून द्यावा, हा प्रकार गोव्यात वाहनांवरच काय, पत्र्याच्या पन्हळींवरही पाहायला मिळतो.

या नुकसानीचा वेग समजून घ्यायचा तर दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे मीठ. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरेसे असतात. पण पाण्यात क्लोराइड असेल तर त्याची विद्युत्‌वाहकता वाढते आणि लोखंडावर तयार होऊ पाहणारा संरक्षक पापुद्रा टिकत नाही. शिवाय मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही त्या जागी ओल राहते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, हे खरे आहे; पण उघड्या पृष्ठभागावरचे मीठ धुऊन काढणाराही तोच पाऊस असतो. पोकळ खांबाच्या आत, दिव्याच्या काठाखाली आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात तो धुवायला पोचत नाही, फक्त भिजवायला पोचतो.

दुसरी गोष्ट कडेची. कारखान्यातून निघालेल्या मोटारीच्या पत्र्यावर फॉस्फेटचा थर, विद्युत्‌प्रवाहाने बसवलेला प्राइमर, मधला थर, रंग आणि वार्निश असे एकावर एक थर असतात. तरी त्यांची एकूण जाडी साधारण ०.१ मिलिमीटरच्या आसपासच भरते. या थरांचे सामर्थ्य जाडीत नसून अखंडतेत आहे. पत्रा कापला की कडेला हे सगळे थर एकदम संपतात. तेथे नंतर रंग लावला, तरी ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि सपाट भागावर जाड, पण कडेच्या नेमक्या धारेवर अगदी पातळ बसतो. म्हणूनच डोळ्यांना पूर्ण रंगलेली दिसणारी कड प्रत्यक्षात उघडीच असते. मालकाने पहिल्या ओघळावर मारून घेतलेला रंग वाया गेला त्याची कारणे दोन : कडेची धार मारलेली नव्हती, आणि रंगाखाली मीठ होते. मिठावर चढवलेला रंग स्वतःतून पाण्याची वाफ आत ओढू देतो. काही आठवड्यांत फोड येतात, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापत असल्याने तो रंगाला खालून उचलतो.

काम कधी करायचे, यावर मालक आणि मेस्त यांच्यात जी चर्चा झाली ती या प्रकरणातली सर्वांत बोधप्रद चर्चा होती. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, आणि त्या काळात पिकअप मोकळे असते. साहजिकच मालकाचे म्हणणे असे, की "मेस्त, आता हंगाम आहे, गाडी उभी करणे परवडत नाही, जूनमध्ये आणतो, हवे तितके दिवस ठेवून घ्या." मेस्ताचे उत्तर असे, की जूनमध्ये गाडी मोकळी असेल, पण पत्रा कोरडा नसेल. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी, हा रंगकामाचा सर्वमान्य दंडक आहे, आणि गोव्याच्या पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये तो पाळणे जवळजवळ अशक्य असते. नुकताच घासलेला पत्रा तासाभरात पुन्हा पिवळसर होतो आणि त्या पिवळेपणावरच प्राइमर चढतो. शेवटी गाडी फेब्रुवारीत कामाला लागली. मालकाने तेवढे दिवस दुसऱ्याची गाडी भाड्याने घेतली. माझ्या मते या एका निर्णयाने पुढच्या सगळ्या सामग्रीपेक्षा अधिक काम केले. पहिल्या वेळी दिवे जुलैच्या अखेरीस बसले होते, हे येथे पुन्हा आठवावे.

त्यानंतरचा प्रश्न होता तो कापण्याची गरज कोठे आहे हा. छतावरच्या बारसाठी ती नव्हती. केबिनमागे नळ्यांचा जो गार्ड असतो त्याच्या आडव्या नळीवर रबराचे अस्तर लावलेले क्लॅम्प बसवून बार तेथे हलवला. नळीला भोक पाडण्याचा सोपा मार्ग मेस्ताने मुद्दाम टाळला, कारण पोकळ नळीत शिरलेले पाणी बाहेर येत नाही. छताची जुनी भोके स्वच्छ करून वेल्डिंगच्या ठिपक्यांनी बंद केली. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या आतल्या बाजूचा लेप जळतो, म्हणून एरवी हा उपाय मला पसंत नाही. पण येथे डागाळलेले अस्तर तसेही उतरवलेले होते आणि आतली बाजू हाताने घासून इपॉक्सी प्राइमर लावता आला. अस्तर न उतरवता छताला वेल्डिंग करून देणाऱ्याकडे गाडी देऊ नये.

मागचे दिवे मात्र खांबांतच हवे होते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर मर्यादा आहेत आणि रस्त्यावर धावताना मागे पांढरा झोत पडणे मागच्या चालकाला धोक्याचे असते. म्हणून या दिव्यांना स्वतंत्र स्विच देऊन ते फक्त गाडी उभी असताना लावायचे, असे ठरले.

उजव्या खांबाचा सडलेला भाग कापून तेथे नवा पत्रा जोडायचा होता. मेस्ताने दिव्याचे भोक या नव्या तुकड्यात तो अजून टेबलावर असतानाच पाडले. चौकोनी दिव्यांऐवजी गोल दिवे निवडले, म्हणजे होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) एका दमात कापता येते आणि कोपरेच उरत नाहीत. टेबलावर कापल्याने चुरा खांबात पडण्याचा प्रश्न मिटला आणि कड दोन्ही बाजूंनी हाताळता आली. डाव्या खांबातले भोक तुलनेने बरे होते. ते मोठे करून गोल करताना मेस्ताने आत भोकाच्या खालच्या बाजूला ग्रीस लावलेली चिंधी ठासली आणि भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप व पुठ्ठा चिकटवला. काम झाल्यावर चिंधी चुऱ्यासकट बाहेर काढली, राहिलेला चुरा तारेला बांधलेल्या चुंबकाने उचलला आणि निचऱ्याच्या भोकातून पाणी सोडून वाट मोकळी असल्याची खात्री केली.

पत्र्यावर जस्ताचा थर आहे की नाही, हे पाहण्याची मेस्ताची रीत सांगण्यासारखी आहे. सुपारीच्या बागायतीत कोळे रोगावर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी लागणारे मोरचूद त्याच्या घरी असतेच. डाव्या खांबातून निघालेल्या तुकड्याचा रंग एका जागी हलक्या हाताने घासून त्याने तेथे मोरचुदाच्या पाण्याचा एक थेंब सोडला. थेंबाखाली क्षणात तांबूस चकाकी आली. जस्त असते तर तेथे काळा थर बसला असता. मोरचुदातले तांबे उघड्या लोखंडावर थेट उतरते, त्यामुळे खांबाच्या पत्र्यावर जस्त नाही हे स्पष्ट झाले. ही चाचणी कापून निघालेल्या तुकड्यावरच करायची असते. गाडीवर केली तर उतरलेले तांबे पुढे लोखंडाच्या गंजण्याला हातभारच लावते.

या निष्कर्षाला व्यावहारिक महत्त्व होते. जस्ताचा थर असलेल्या पत्र्यात कापलेल्या कडेजवळचे जस्त स्वतः झिजून थोड्या अंतरापर्यंत उघड्या लोखंडाला सांभाळते. येथे तो आधार नव्हता, तो बाहेरून द्यायला हवा होता. जस्ताची भरपूर भुकटी असलेला प्राइमर यासाठीच असतो, पण जस्ताचे कण लोखंडाला थेट भिडले तरच तो उपयोगी पडतो. नव्या, स्वच्छ पत्र्याच्या कडेला मेस्ताने तो वापरला. जुन्या, खड्डे पडलेल्या पत्र्यावर वापरला नाही, कारण तारेच्या ब्रशने वरचा पत्रा चकाकतो, पण खड्ड्यांच्या तळाशी गंज आणि मीठ तसेच राहते. तो भाग त्याने आधी नळाच्या पाण्याने अनेकदा धुतला. आवारातल्या विहिरीचे पाणी मचूळ होते म्हणून ते कटाक्षाने टाळले. मग फॉस्फोरिक ॲसिडयुक्त द्रवाने गंज काढला, पुन्हा धुऊन गरम हवेने पूर्ण वाळवला, पॉलिश पेपरने घासला आणि थिनरने पुसला. घासण्याच्या आधी धुणे हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी घासले तर मीठ खड्ड्यांत रगडले जाते.

कडेवरचे काम पाहताना बाहेरच्या माणसाला ते संथ वाटले असते. मेस्ताने अर्धगोल कानस कडेवर दोन्ही अंगांनी फिरवून धार मोडली, मग पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळून बोट कडेवरून फिरवले, आणि बोटाला कोठेही खरखर लागली तर पुन्हा कानस घेतली. त्यानंतर दोन घटक मिसळून करायचा इपॉक्सी प्राइमर लहान ब्रशने फक्त कडेला लावला. तो सुकल्यावर सगळ्या भागावर, आतून आणि बाहेरून, दोन हात दिले. नव्या कडेवर जस्ताच्या प्राइमरवरही इपॉक्सी चढलाच. लांबी (खड्डे बुजवणारी पुट्टी) भरण्याची पाळी उजव्या खांबावर आली, तीही इपॉक्सीनंतर. उघड्या पत्र्यावर थेट लांबी भरण्याची सवय सगळीकडे आहे, पण पॉलिस्टर लांबी पाणी शोषते आणि ते पत्र्याला चिकटवून ठेवते. बहुतेक इपॉक्सी पूर्ण पक्के व्हायला आठवडाभर जातो. मालकाची चुळबूळ सुरू असतानाही दिवे त्यानंतरच बसले.

दिव्यांबरोबर आलेले फोमचे गॅस्केट, म्हणजे दिवा आणि पत्रा यांच्यामध्ये बसणारी पट्टी, फेकून दिले. उघड्या छिद्रांचा फोम स्पंजसारखा पाणी धरतो, आणि ते पाणी मासळीच्या गाडीत खारेच असते. त्याऐवजी भरीव रबराची पट्टी कापून घेतली. स्वतः आटे पाडणाऱ्या स्क्रूंऐवजी आरपार बोल्ट, नायलॉनचे वॉशर आणि न्यूट्रल जातीचे, म्हणजे घट्ट होताना ॲसेटिक ॲसिड न सोडणारे, सीलंट वापरले. गॅस्केटच्या खालच्या बाजूला मात्र सीलंट न भरता थोडी जागा मोकळी सोडली, कारण वरून शिरलेले पाणी खालून निघायला हवे. चारही बाजू बंद करून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. पाणी तरीही शिरतेच आणि मग अडकते. वायर आत जाते त्या भोकाला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारे कडे) बसवला आणि वायर आत शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन पाण्याचे थेंब बाहेरच गळतील असे पाहिले. शेवटी दोन्ही खांबांच्या आत लांब नळीच्या फवाऱ्याने पोकळ भागांसाठीचे मेण मारले आणि निचऱ्याची भोके पुन्हा मोकळी केली.

अर्थिंगचा मुद्दा रंगकाम करणाऱ्यांकडून नेहमी सुटतो. दिव्याची ऋण वायर जवळच्या पत्र्याला स्क्रूने जोडायची, तर तेथे रंग खरवडावा लागतो, आणि तो खरवडलेला ठिपका म्हणजे गंजाला नवे प्रवेशद्वार. तेथे गंज चढला की रोध वाढतो, दिवा मंद होतो, आणि इलेक्ट्रिशियन दुसरीकडे नवा ठिपका खरवडतो. या गाडीत दोन्ही वायरी बॅटरीपर्यंत नेल्या आणि धन वायरला बॅटरीजवळच फ्यूज दिला.

त्यानंतरचा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये गाडी पुन्हा पाहिली. मालक आता रोजच्या फेरीनंतर हौदा नळाच्या पाण्याने धुतो आणि बंदीच्या काळात गाडी उभी करण्यापूर्वी निचऱ्याच्या भोकांत तार घालून पाहतो. ओघळ नव्हते आणि छताचे नवे अस्तर कोरडे होते. डाव्या खांबातला दिवा उतरवला तेव्हा कड तीन बाजूंनी स्वच्छ निघाली. खालच्या बाजूला, जेथे दिव्याचा प्लास्टिकचा काठ धक्क्यांनी पत्र्यावर घासत होता, तेथे प्राइमर झिजून नखाएवढ्या लांबीची तपकिरी रेघ आली होती. मेस्ताने ती घासून तेथे पुन्हा इपॉक्सी लावला आणि काठाखाली रबराची पातळ पट्टी दिली. उजव्या दिव्याखाली घर्षणाची खूण होती, गंज नव्हता; तेथेही तीच पट्टी लागली. उजव्या खांबातले मेण वेल्डिंगच्या सांध्यापाशी विरळ झालेले आढळले, त्यामुळे दरवर्षी मेच्या मध्यापर्यंत दोन्ही दिवे उतरवून मेण नव्याने मारायचे असे ठरले आहे.